बिनआवाजाची बंदूक

प्रितम गेला तेव्हा त्याचा थोरला भाऊ प्रितेश रडला नाही, हे कोन गावात सगळ्यांनी पाहिलं. कल्याण रस्त्यावर एका कंटेनरने प्रितमच्या मोटरसायकलला मागून उडवलं आणि तो जागीच गेला. हॉस्पिटलात ओळख पटवायला प्रितेश गेला. पंचनाम्यावर सह्या त्याने केल्या, लाकडं त्याने सांगितली, मुंबईहून येणाऱ्या आत्याला स्टेशनवरून आणायला गाडी त्यानेच पाठवली. दहाव्याला जमलेले पाहुणे म्हणाले, पोरगा घट्ट आहे, सीताबाईला तेवढा तरी आधार.

प्रितेश घट्ट नव्हता. त्याला काही होत नव्हतं, इतकंच. आई भिंतीला टेकून बसायची, तिच्याकडे तो बघायचा आणि आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं असं त्याच्या मनात यायचं. मग तो उठून मागच्या शेडमध्ये जायचा.

शेडमध्ये त्याची लोखंड कातायची लेथ मशीन होती. त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, पण राहनाळची जमीन गोडाऊनला गेली, भाडं सुरू झालं आणि नोकरी करायची वेळच आली नाही. लूमचे पार्ट बनवणारा एक कारखाना बंद पडला तेव्हा त्याने तिथली जुनी लेथ उचलून आणली होती. हौस म्हणून. दोघे भाऊ रविवारी तिथे बसत. प्रितेश मशीनवर आणि प्रितम बाजूच्या स्टुलावर, बडबड करत. गावातल्या पोरांना पितळी भोवरे, देवळाच्या घंटेचा लोलक, आईला खलबत्त्याचा बत्ता, असलं काहीबाही ते करत.

प्रितम गेल्यावर प्रितेश नुसती मशीन सुरू करून उभा राहायचा. करायला काहीच नसायचं.

करायला काहीतरी त्याला दिघाशी गावात सापडलं. तिथे त्यांची भातशेती होती आणि लडकू ती कसायचा. भात पोसवलं की जंगलातून रानडुकरं उतरायची. शेताच्या राखणीसाठी प्रितेशच्या वडिलांनी बंदुकीचं लायसन्स घेतलं होतं, वडील गेल्यावर ते रीतसर प्रितेशच्या नावावर झालं. बंदुकीने त्यांच्या घरात कुणी कधी काही मारलं नव्हतं. हवेत बार काढायचा, डुकरं पळायची.

आईला जरा बाहेर काढावं म्हणून एके दिवशी त्याची बायको रुचिका सीताबाईंना शेतावर घेऊन आली होती. दिवस कलताना लडकूने बांधाकडे बोट दाखवलं. "शेट, ती बगा. आली हायत." प्रितेशने बार काढला. डुकरं गेली. मागे वळून पाहिलं तर आई चिखलात बसली होती. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले. रुचिका तिला उठवत होती आणि ती उठत नव्हती.

"काय झाला रं? कोन गेला?" ती विचारत होती.

"कुणी नाही, आई. डुकरं होती," रुचिका म्हणाली.

प्रितेश बंदूक हातात धरून उभा राहिला. आईजवळ जायला पाहिजे हे त्याला कळत होतं. तो गेला नाही. त्याच्या डोक्यात एवढंच आलं, की या बंदुकीचा आवाज काढून टाकता येईल.

दुसऱ्या दिवशीपासून त्याने चित्रं काढायला घेतली. नळीच्या तोंडाला बसेल असं नळकांडं, वरून, बाजूने, कापून. चित्र जमलं नाही की फाडायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. जेवायला हाक मारली की येऊन जेवायचा, चव विचारली तर "बरी आहे" म्हणायचा आणि परत जायचा. रुचिका शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी आली की शेडच्या दारात क्षणभर थांबायची. तो कामाला लागला हे बघून तिला आधी बरंच वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याने ठरवून टाकली होती. जे करायचं ते कायद्याने. परवानगी मिळेपर्यंत लोखंडाला हात लावायचा नाही, मिळाली की बनवायचं, नोंद करायची, नंबर घालायचा. तो ठाण्याला परवाना शाखेत गेला.

तिथे वैशाली मॅडम म्हणून अधिकारी होत्या. चष्म्याआडून त्यांनी त्याचा अर्ज वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे.

"बसा, पाटील," त्या म्हणाल्या. "सायलेन्सर बनवायचाय तुम्हाला? घरी?"

"हो. माझी लेथ आहे. अजून काही बनवलेलं नाही. आधी नोंदणी करायची म्हणून आलो."

"विचारायला आलात हे चांगलं केलंत. पण हे प्रतिबंधित आहे. तुमचं बंदुकीचं लायसन्स वेगळं आणि हे वेगळं. याला दिल्लीची परवानगी लागते आणि खाजगी माणसाला ती मिळालेली मी तरी पाहिलेली नाही. बनवलंत तर सरळ गुन्हा."

"बाहेरच्या देशात लोक बनवतात. नोंद करून."

"बनवत असतील. आपल्याकडे नाही." त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "एक विचारू? बंदूक कशासाठी आहे तुमच्याकडे?"

"शेताच्या राखणीला. रानडुकरं येतात."

"मारता?"

"नाही. हवेत बार काढतो. आवाजाने पळतात."

बोलून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. मॅडमनी घाई केली नाही.

"मग आवाज काढून टाकलात तर डुकरं कशाने पळणार?"

आईचं सांगावं असं प्रितेशच्या मनात आलं, पण तेही खरं वाटेना. आई शेतावर पुन्हा येणारच नव्हती. इतके दिवस चित्रं काढताना हा साधा प्रश्न त्याला पडला नव्हता. पंखा फिरत होता. तो उठला, नमस्कार केला आणि निघाला.

"घरी कोण कोण असतं?" मॅडमनी मागून विचारलं.

"आई, बायको, मुलगी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

त्यानंतर एका सकाळी पोलीस ठाण्यातले हवालदार घरी आले. वयस्कर, पिकल्या मिशांचे. प्रितेश राहनाळला गोडाऊनवर गेला होता. रुचिकाने त्यांना पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी बंदुकीचं कपाट पाहिलं, कुलूप हलवून पाहिलं आणि शेड दाखवायला सांगितलं. टेबलावरची चित्रं बघत ते म्हणाले, "वहिनी, काही बनवलेलं दिसत नाही, ते ठीक आहे. पण साहेबांना सायलेन्सर कशाला हवा होता?"

"कसला सायलेन्सर?"

"बंदुकीचा. आवाज येऊ नये म्हणून लावतात तो." तिचा चेहरा बघून ते जरा थांबले. "तुम्हाला माहीत नव्हतं? ऑफिसातल्या मॅडमनी मुद्दाम सांगितलंय, घरच्यांशी बोलून या. घरात मयत झालंय ना मध्ये?"

रुचिकाने त्या दिवशी शाळेत फोन करून रजा सांगितली. सासूला जेवायला वाढलं. मग शेडमध्ये प्रितमच्या स्टुलावर जाऊन बसली आणि प्रितेश येईपर्यंत तिथेच बसून राहिली.

दुपारी तो आला. ती तिथे बसलेली बघून दारातच थांबला.

"हवालदार आले होते," ती म्हणाली.

"हां. येतील म्हणून वाटलंच होतं. परवानगी नाही मिळत. संपला विषय."

"आवाज कुणाला जाऊ नये म्हणून बनवत होतात?"

"आईला. ती घाबरली ना त्या दिवशी."

"आई शेतावर येत नाहीत आता. बंदूक घरात असते कपाटात. घरात कोण असतं? मी असते, आपली भाविका असते." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. वर्गात मुलांना विचारावं तसं ती विचारत होती. "मला ऐकू येऊ नये म्हणून का?"

प्रितेशला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. 'नाही' हा एवढासा शब्द होता, तो सहज येईल असं त्याला वाटलं होतं. तो आला नाही.

"खरं सांगा. मी ओरडणार नाही."

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी स्वतःला काही करून घ्यायचं ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. पण नाही असं म्हणता येत नाहीये मला."

रुचिकाने मान हलवली. बाहेर शेजारची बाई वाळत घातलेली सुकी मासळी गोळा करत होती, कावळ्यांना शिव्या घालत.

"कपाटाची चावी द्या," रुचिका म्हणाली.

त्याने खिशातून काढून दिली. ती तिने पदराला बांधली. मग म्हणाली, "उद्या बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. आणि कल्याणला मनाचे डॉक्टर आहेत, आमच्या शाळेतल्या बाई जातात त्यांच्याकडे. तिथे जायचं. मी बरोबर येणार. दोन्हीकडे."

"बरं."

"नुसतं बरं म्हणू नका."

"काय म्हणू?"

ती उठली, त्याचा हात धरून त्याला घरात घेऊन गेली आणि समोर बसून जेवायला लावलं. तो पूर्ण भाकरी खाईपर्यंत ती हलली नाही. सीताबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "आज लवकर आला काय रं?" "हो आई," तो म्हणाला.

पोलीस ठाण्यात तेच हवालदार होते. बंदूक जमा करण्याचं कारण त्यांनी विचारलं तेव्हा प्रितेशने रुचिकाकडे पाहिलं. रुचिका म्हणाली, "घरात नको आहे." हवालदारांनी अजून काही विचारलं नाही. पावती देताना फक्त म्हणाले, "बरं केलंत, साहेब."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. प्रितेश जायचा. डॉक्टर विचारायचे आणि तो सांगायचा, काही फरक नाही. खोटं सांगत नव्हता. गोळ्यांनी झोप लागायची, तोंड कोरडं पडायचं, बाकी सगळं जिथल्या तिथे. रुचिका शाळेतून आली की आधी शेडमध्ये डोकावायची, मग चप्पल काढायची. तो बहुतेक वेळ स्टुलावर बसलेला असायचा. मशीनवर तिने जुनी चादर टाकली होती.

भात कापणीला आलं तेव्हा लडकूचा फोन आला. "शेट, बंदूक घिऊन येवा. डुकरांनी वरचा तुकडा लोळवला. माजी न काशीची दमछाक झाली डबं वाजवून."

"बंदूक नाही आता," प्रितेश म्हणाला. "जमा केली."

"मंग कसा करायचा?"

रुचिका ऐकत होती. "जाऊ आपण," ती म्हणाली. "डबे आपणही वाजवू."

संध्याकाळी ते दिघाशीला पोचले. लडकूची बायको काशी बांधावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन उभी होती. तिने तसाच एक डबा प्रितेशच्या हातात दिला, एक दांडकं दिलं. उजेड होता अजून. झाडीच्या कडेला काळं काही हललं आणि लडकूने आरोळी ठोकली. सगळ्यांनी डबे बडवायला सुरुवात केली.

प्रितेशनेही बडवला. आधी हळू, लाज वाटल्यासारखा. मग जोराने. पत्रा कर्कश वाजत होता, हात झिणझिणत होते. डुकरं माघारी वळून झाडीत शिरली, लडकू थांबला, काशी थांबली, रुचिका थांबली. प्रितेश बडवत राहिला. डबा चेपला, फाटला, तरी तो मारत होता. त्याच्या घशातून आवाज निघत होता, पण ती आरोळी नव्हती. लडकू पुढे व्हायला लागला तर रुचिकाने त्याला हाताने थांबवलं.

शेवटी काशीच जवळ गेली. तिने दांडकं धरलं. "पुरं करा, शेट. गेली डुकरं. कवाच गेली."

तो बांधावर खाली बसला. फाटलेल्या पत्र्याने तळहात कापला होता आणि मनगटापर्यंत रक्त आलं होतं. काशीने मडक्यातलं पाणी ओतलं. रुचिकाने ओढणीचं टोक फाडून हात बांधला. गाठ आवळताना त्याने हात मागे ओढला.

"दुखतंय," तो म्हणाला.

"हो, दुखणारच," रुचिका म्हणाली आणि दुसरी गाठ मारली.

त्याने मान खाली घातली. खांदे हलत होते की नुसता धापा टाकत होता, हे अंधुक उजेडात लडकूला कळेना. तो आणि काशी चुलीकडे गेले. रुचिका त्याच्या शेजारी ओल्या बांधावर बसून राहिली. मग फोन काढून तिने घरी भाविकाला सांगितलं, आम्हाला उशीर होईल, आजीला जेवायला वाढ.