पूर्वरंगात उठलेला माणूस

या मंडळी, मागं भिंतीला टेकून बसू नका, जरा पुढं सरका. मोबाईल उलटे ठेवा. तबकड्यांना नंबर देणाऱ्या एका शहाण्याची गोष्ट सांगतो. लांब नाही, पण मधेच उठणार असाल तर आत्ताच उठा.

निपाणीत आदर्श नावाचा तरुण आहे. वय चौतीस, नोकरी बेळगावच्या कंपनीत पण घरात बसून, आणि नाद जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचा. पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय हा तबकडीला हात लावत नाही. पाहुण्याला शिंक आली तर त्याला दार दाखवतो. यंदा त्यानं १९७६ साल धरलं. त्या सालातल्या एक्केचाळीस तबकड्या जमवल्या आणि गुण द्यायला बसला. आवाजाला दहा, ध्वनिमुद्रणाला दहा, वेष्टनावरच्या चित्राला दहा. भक्तीला किती, ते विचारू नका. तो रकानाच नव्हता.

तिथल्या वाचनालयानं ठरवलं होतं, आदर्शच्या यादीतल्या पहिल्या दहा तबकड्या संगणकावर उतरवून कायमच्या जपायच्या. बोरगावच्या अक्काताईंचा जीव त्या दहांत अडकला होता. त्यांचे वडील नागोजीबुवा कीर्तनकार. जन्मात एकच तबकडी निघाली, ती त्याच सालची. बाकीच्या प्रती पत्र्याखालच्या उन्हानं वाकल्या, हरवल्या. एकच उरली, अक्काताईंच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत. ती त्यांनी स्वतः एस्टीनं आणून आदर्शच्या हातात दिली होती. "आक्का, वाजवाल तेवढी ही झिजणार," तो म्हणाला होता. तेव्हापासून म्हातारीला घोर लागला. आप्पांचा आवाज संगणकावर चढला नाही, तर एक दिवस संपणार.

यादी आली ती मोबाईलवर. शेजारच्या मंगलनं दाखवली. नागोजीबुवा एक्केचाळिसावे. एक्केचाळिसांत.

पडद्यावर आदर्श हसत बोलत होता, "तळाला हे बुवा. वीस मिनिटं नुसता उपदेश. ना कथा, ना विनोद. तंबाखूच्या वखारीतला भुसा यापेक्षा ओला असतो!" खाली तीनशे लोकांनी हसऱ्या तोंडांची चित्रं टाकली होती.

अक्काताईंना रडू आलं नाही, त्या चक्रावल्या. "मंगल, कथा न्हाय म्हणतोय गं! आप्पांच्या कीर्तनात?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या निपाणीत.

"आदर्शा, तबकडी पुरी ऐकलीस न्हवं?"

"आक्का, पहिली बाजू ऐकली की कळतं. एक्केचाळीस तबकड्यांच्या दोन्ही बाजू ऐकायला मला काय पेन्शन आहे?"

अहो, कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग धरून उपदेश. मग बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा. आणि मग उत्तररंग, म्हणजे कथा. हे गावच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. तेसुद्धा प्रसादापर्यंत बसतं. आणि हा एक्केचाळीस तबकड्यांचा जाणकार!

"पूर्वरंगातच उठलास व्हय रं! आमच्यात असल्याला 'बिडीला उठला' म्हणत्यात. उलटव ती."

"पण आक्का, माझी एक पद्धत आहे."

"पद्धत घाल चुलीत. उलटव म्हणते न्हवं!"

त्यानं उलटवली. सुई टेकली आणि बुवा हसतच बोलायला लागले. देवळाच्या पायरीवर लोकांच्या चपला राखणारी एक म्हातारी. चपला सोडून उठायचं कसं, म्हणून जन्मात ती देवळात गेली नाही. एका सांजेला आतून एकजण अनवाणी बाहेर आला. "आजी, माझं पायताण गावंना." "खूण सांग, मग देते." "अगं, मी आतला, देव." "देव असशील तुझ्या घरचा! खूण सांग!" दोन्ही आवाज बुवांचेच, आणि मागं माणसं खदखदून हसत होती. मग बुवांनी आवाज खाली आणला. खूण सांगता येईना, तेव्हा देव मुकाट्यानं तिच्याशेजारी पायरीवर बसला, चपला राखायला.

आदर्श एकदा फसकन हसला. शेवटी हातमोजा काढून त्यानं डोळे पुसले. अक्काताईंना वाटलं, जिंकलं.

"चांगलं आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "पण आक्का, यादी जाहीर झाली. वाचनालयालाही गेली. आता मधेच बदलली तर माझी किंमत काय राहील? अपवाद म्हणून चाळिसावर घेतो."

शेंगेत किडा निघाला की बाई जशी बघते, तसं अक्काताईंनी त्याच्याकडं बघितलं. मग उघड्या हातानं तबकडी उचलली आणि पदरात धरली.

"आक्का, बोटांचे ठसे उठतील! वाजवून वाजवून झिजवाल तुम्ही!"

"झिजू दे. आप्पा बी गाऊनच झिजले. हातमोजे घालून न्हाय."

बोरगावच्या देवळात जोतिबा गुरवाकडं एक जुना प्लेअर आहे. त्यावर ती दर एकादशीला वाजू लागली, दोन्ही बाजू. बाजू उलटताना लोक प्लेअरला हार घालायचे, झाकणाला बुक्का लावायचे. सातव्या एकादशीला चपलांच्या म्हातारीपाशी सुई अडकली, ती हलेना. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या अक्काताई उठल्या, चिपळ्या घेतल्या आणि पुढची कथा जशीच्या तशी सांगून गेल्या. दोन्ही आवाजांत. तेव्हापासून पूर्वरंग तबकडीचा आणि उत्तररंग अक्काताईंचा.

गेल्या एकादशीला आदर्शही आला होता. हातमोजे नव्हते, उपदेश खाली मान घालून ऐकला. पूर्वरंग संपला, अक्काताई चिपळ्या घ्यायला उठल्या, आणि ह्याचा फोन वाजला. गेला बाहेर. बिडीला.

जाऊ द्या त्याला. तुम्ही बसलात, तुमचं भलं होवो. आता कुठल्याही कीर्तनात बाजू उलटायची वेळ आली, कपाळाला बुक्का लागला, की एवढं करा: बोरगावच्या नागोजीबुवांना मनात एकदा हाक मारा.