चारशे अंश, एक मिनिट

कुळानं मी मीठ, पण राहतो पातळ. असं सांगितलं की पाहुणे आधी बाटलीकडे पाहतात, मग सांगणाऱ्याकडे. कागदोपत्री मला आयनिक द्रव म्हणतात.

माझा जन्म प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. मला बनवणारी मुलगी तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती. तिनं मला अकरा वेळा पाण्यानं धुतलं आणि दोन दिवस सुकवलं. मी नितळ निघालो. बाटली उजेडात धरून ती गप्प उभी राहिली. खूश असली की ती बोलत नसे.

माझ्यात एक गुण आहे. तापवलं तरी माझी वाफ होत नाही आणि मी सहसा पेट घेत नाही. मग मी मोडतो कधी, हे पाहायला तिनं माझा एक थेंब भट्टीतल्या काट्यावर ठेवला. हा काटा तापवता तापवता वजन करतो. मिनिटाला दहा अंश, असा मी चढत गेलो. चारशेपर्यंत माझं वजन हललं नाही. तिच्या सरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

मग एका कारखान्याची माणसं आली. त्यांच्या नळ्यांतून तापलेलं तेल फिरायचं. एकदा ते पेटलं आणि दोन कामगार भाजले होते. आता तेलाऐवजी मला भरायचं होतं, तीनशे अंशांवर, अष्टौप्रहर. सरांनी सांगितलं, हा चारशेला टिकतो. सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी अवघडलो.

त्याच आठवड्यात मुलगी घरी चष्मा विसरली, तो द्यायला तिचे वडील आले. त्यांनी एकतीस वर्षं अशाच तेलाची भट्टी सांभाळली होती. तिनं कौतुकानं मला दाखवलं. त्यांनी हात न लावता वाकून पाहिलं.

"चारशेला किती वेळ टिकतो?"

तिनं हिशेब केला. मिनिटाला दहा अंश म्हणजे चारशेच्या आसपास जेमतेम एक मिनिट.

"एक मिनिट तर मीही टिकेन," वडील म्हणाले. "आमचं तेल नळीत तीन तीन वर्षं असायचं."

ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिनं मला तीनशे अंशांवर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. पहिला तास मी तग धरला. मग आतून एकेक सांधा सुटू लागला. संध्याकाळी सातला बाहेर आलो तो काळपट तपकिरी होऊन. वजनातला पाचवा हिस्सा गेला होता आणि वास तर विचारू नका. तिनं तेच आणखी दोनदा केलं. मी दोन्ही वेळा तसाच वागलो. दोनशेवर मात्र आठवडाभर ठेवलं तरी माझ्या अंगाला काही झालं नाही.

कारखान्याशी करार चार दिवसांवर होता. सर वर्षभरात निवृत्त होणार होते आणि हे त्यांचं सर्वांत मोठं काम. तिनं तपकिरी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"बाबांना."

सरांनी बाटली खिडकीशी नेली. त्यातून पलीकडचं दिसत नव्हतं.

"चारशे मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "तेव्हा फोनही मीच करतो."

कारखान्यानं आभार मानले आणि करार केला नाही. मुलीची पीएचडी दीड वर्ष लांबली. सरांच्या निरोप समारंभात माझा उल्लेख झाला नाही, ते मला योग्यच वाटलं. ती आता दुसऱ्या गावी नोकरीला आहे.

मी तिसऱ्या कपाटात, वरच्या खणात असतो. माझ्या चिठ्ठीवर सरांनी चारशे खोडून दोनशे लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. इथं येणारी नवी मुलं ते वाचतात आणि शेजारची बाटली उचलतात. माझी तक्रार नाही. फक्त दोनशेच्या खालचं, नियमित स्वरूपाचं काही काम असेल, तर कळवावं. मी तयार आहे.