दांडा माझ्या पायाशी होता

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी भित्री आहे. हसू नका! वाऱ्यावर जगणारीला वाऱ्याचीच धडकी भरते, त्याला मी तरी काय करू?

माझा जन्म इमारतीच्या तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये झाला. मला घडवणारी ताई इंजिनिअर. डोंगरावर मोठी पवनचक्की फिरते, मग शहरातल्या गच्चीवर छोटी का नको, असा तिचा ध्यास. तिने माझी तीन उभी पाती वाकवली, घासली, पुन्हा वाकवली. मला टेबलावर बसवून ती समोर मोठा पंखा लावायची आणि एक हात सतत ब्रेकच्या दांड्यावर ठेवायची. मी जरा थरथरले की दांडा ओढायची. मला केवढा धीर वाटायचा! दांडा माझ्या पायाशीच होता, हाताला सहज सापडेल असा. मी गच्चीवर गेले तेव्हाही तो तिथेच राहिला. घात झाला तो इथे, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

जिन्यातले दिवे माझ्या विजेवर लागू लागले. ताईच्या वडिलांना, अण्णांना, आनंद गगनात मावेना. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून वर आणायचे. "बघा आमच्या मुलीची करामत!" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "करामत कसली, नुसती भिंगरी! सारखी गुरगुरते."

गुरगुरत नव्हते हो, कण्हत होते. पंख्याचा वारा शहाण्यासारखा समोरून यायचा. गच्चीवरचा वारा कठड्याला आपटून खालून उसळायचा, शेजारच्या इमारतीला वळसा घालून पाठीत धपाटा घालायचा. माझ्या एका पात्याचा सांधा सैल होत चालला होता. मला कळत होतं, पण सांगणार कशी? नव्याची नवलाई संपली होती. अण्णा सोडले तर वर कुणी फिरकत नव्हतं, आणि अण्णा माझं कौतुक करायचे, सांधे नाही बघायचे.

एका दुपारी वादळ आलं. मी गरगरा फिरू लागले. सैल पातं खडखडू लागलं. ताई कामावर होती. तेवढ्यात गच्चीचं दार उघडलं आणि अण्णा बाहेर आले. हातातल्या फोनमधून ताई ओरडत होती, "अण्णा, खाली जा! मोडली तर मोडू दे!"

"अशी कशी मोडू देईन? दांडा ओढतो, झालं!"

दांडा माझ्या पायाशी, म्हणजे ऐन पात्यांखाली. अण्णा कठडा धरून पुढे सरकत होते. 'येऊ नका हो अण्णा, येऊ नका!' मी जिवाच्या आकांताने ओरडले, पण माझ्या अंगातून नुसती किंकाळी निघाली. त्यांना वाटलं, मी त्यांना हाक मारतेय. ते धावतच आले.

त्यांनी वाकून दांडा ओढला आणि त्याच क्षणी पातं सुटलं. त्यांच्या पाठीवरून सणसणत गेलं आणि पाण्याच्या टाकीत घुसलं. ते वाकलेले नसते तर... नको, मला बोलवत नाही.

ताई धापा टाकत वर पोचली, तेव्हा टाकीच्या पाण्याने ओलेचिंब झालेले अण्णा दांडा घट्ट धरून बसले होते. "वाचवली बघ तुझी चक्की," ते म्हणाले.

ताई त्यांना बिलगून ओक्साबोक्शी रडली. "चक्क्या मी छप्पन्न करीन हो! तुम्हाला कुठून आणू?"

आता गच्चीवर नवी चक्की आहे. ताई दर आठवड्याला तिचे सांधे तपासते. तिचा दांडा लांब तारेने थेट खाली, गॅरेजच्या भिंतीवर आणलाय. मी तिथेच कोपऱ्यात आहे, उरलेल्या दोन पात्यांनिशी.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीबाही घडवाल. ते चालताना कसं दिसेल, हे जरूर बघा. पण ते बिघडेल तेव्हा आपलं माणूस कुठे उभं असेल, हे त्याआधी बघा. आणि आमच्यासारख्यांचं कण्हणं कानावर आलं, तर एकदा जवळ येऊन सांधे चाचपा.

वारा सुटला की अजून माझी पाती थरथरतात. मग अण्णा चपला फटफटवत गॅरेजमध्ये येतात, दांडा ओढतात आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसतात. वारा पडेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढत नाही.