पलंगाची खुर्ची

माझ्या मिस्टरांची बदली जळगावच्या पोस्टात झाली तेव्हा, म्हणजे अडुसष्ट साली, आम्ही नव्या पेठेत भिकमचंद शेटजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. शेटजींचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं मारवाडातलं, पण पिढ्यान् पिढ्या इथे गेलेल्या, त्यामुळे आमच्याशी बोलायचे ते मराठीतच. घरात त्यांची बायको लाडकुंवर अक्का, मुलगा सोहनलाल आणि सून कुसुमलता. कुसुमलता सासऱ्यांसमोर छातीपर्यंत घुंघट ओढून असायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी सासरा आणि सून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्यात तशी रीतच होती. शेटजी अक्कांना सांगत आणि अक्का सुनेला.

पुढच्या वर्षी अक्का मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आता चालणं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्या बाईच्या आवाजाने सकाळी आमची गल्ली जागी व्हायची, ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. कुणाला रागवायची सुद्धा नाही. मला तेच सगळ्यात वाईट वाटायचं.

एका दुपारी कुसुमलता वर आली. "वहिनी, माळ्यावरचा पलंग उतरवायला हात लावता का?"

तो अक्कांच्या लग्नातला पलंग. अस्सल सागवानी, उशाशी दोन मोर कोरलेले. दोन पाय वाळवीने खाल्ले, तेव्हापासून माळ्यावर पडून होता.

"त्याचं काय करणार?"

"चाकांची खुर्ची. बाईजींसाठी." सासूला ती बाईजी म्हणायची.

"आणि सुतार?"

"मीच की," ती म्हणाली. तिच्या वडिलांची भडगावला लाकडाची वखार होती. तिथल्या सुतारांच्या हाताखाली ती लहानपणी रंधा मारायला शिकली होती. माहेरून आणलेल्या पेटीत साड्यांच्या खाली पटाशी, गिरमिट आणि लहान-मोठ्या दोन करवती होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

अक्कांनी मात्र साफ नकार दिला. "माझ्या लग्नाचा पलंग आहे तो. मी गेल्यावर काय तोडफोड करायची ती कर."

कुसुमलता त्यांच्या पायाशी बसली. "बाईजी, मी केलेले पापड कसे होतात हल्ली?"

"चामडं नुसतं!"

"मग स्वयंपाकघरात येऊन मला दाखवा ना, कुठे चुकतं ते. खुर्ची झाली की येता येईल तुम्हाला."

अक्कांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "मोरांना करवत लावू नकोस."

पुरुष दुकानात गेले की मागच्या अंगणात काम चाले. पदर खोचून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून ती करवत चालवायची, तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत बसायची. मोरांची फळी पाठीला गेली. बाजूच्या पट्ट्यांचे हात झाले. बैठकीला तिने पलंगाचीच नवार विणली, ताणून, पण बसल्यावर जरा दबेल अशी. चाकं मात्र फसली. सोहनलालच्या लहानपणीच्या पांगुळगाड्याची चाकं तिने बसवली होती. अक्कांना बसवून खुर्ची जराशी ढकलली, तोच एक चाक तडकलं आणि अक्का कलंडता कलंडता वाचल्या.

"मला खोलीत न्या," एवढंच त्या म्हणाल्या.

कुसुमलतेचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तिने खुर्ची उलटी केली आणि तुटलेलं चाक उपटायला बसली. सोहनलालने लॉरीच्या गॅरेजातून जुनी बेअरिंगं आणून दिली, ती तिने जाड लाकडाच्या आसावर ठोकून बसवली. या वेळी आधी मला बसवून साऱ्या अंगणात फिरवलं, मग मंजुळाबाईला. ही धुणंभांडी करणारी, अंगाने चांगली भरलेली. खुर्ची हूं की चूं करीना.

अक्का पुन्हा बसायला तयार झाल्या. खोलीतून गडगडत निघाल्या आणि उंबरठ्याशी येऊन अडकल्या. घरात जिकडेतिकडे उंबरठे! मंजुळाबाई म्हणाली, कापून टाका. कुसुमलतेने करवत उचलली, आणि नेमके शेटजी जेवायला लवकर आले.

पदर खोचलेला, डोकं उघडं, हातात करवत. तिने घाईघाईने घुंघट ओढला. शेटजींनी खुर्चीवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. मग जवळ जाऊन मोरांवरून हात फिरवला.

"उंबरठा कापायचा नाही. लक्ष्मीची जागा आहे," ते अक्कांना म्हणाले. "सांग तिला."

"तुम्हीच सांगा," अक्का कडाडल्या. तोच जुना आवाज! "समोर तर उभी आहे."

शेटजी जरा घुटमळले. घसा खाकरून थेट सुनेला म्हणाले, "बीनणी, दोन्ही बाजूंनी उताराच्या फळ्या लावल्या तर जमेल?"

घुंघट हलला. मग आतून अगदी हळू आवाज आला, "जमेल, बाबूजी. पण पलंगाच्या उरलेल्या फळ्या फार जाड आहेत. मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल."

शेटजींनी टोपी काढून खुंटीला अडकवली, धोतर आवरलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"ढकलू नका," ती म्हणाली, "नुसतं आपल्याकडे ओढा."

भुसा उडू लागला. नव्या पेठेतले एवढे मोठे शेटजी सुनेच्या सांगण्याप्रमाणे करवत ओढत होते, आणि अक्का खुर्चीतून सूचना करत होत्या.

संध्याकाळी खुर्ची उतारावरून थेट स्वयंपाकघरात गेली. अक्कांनी पहिल्यांदा पापडाचं पीठ चिमटीत धरून पाहिलं आणि सुनेला झापलं. मंजुळाबाई भांडी घासता घासता हसली, "आते बठ्ठं घर परत तुमनाच हातमा शे, अक्का!" खरंच, सगळं घर परत अक्कांच्याच हातात आलं होतं.

खुर्चीची बातमी नात्यागोत्यात पसरली. कुसुमलतेच्या धुळ्याच्या एका चुलत सासूबाईंचे पाय गेले होते. तशीच खुर्ची करून द्यायला तिकडून बोलावणं आलं. मला वाटलं, कुसुमलता सोहनलालबरोबर जाईल. पण सकाळच्या एस्.टी.ला मी तिला पोचवायला गेले, तर खिडकीशी ती आणि शेजारी शेटजी. हत्यारांची पिशवी त्यांच्या मांडीवर होती, आणि कंडक्टर ती वर ठेवा म्हणाला तरी ते ती सोडायला तयार नव्हते.