चौथ्या खोलीच्या भिंतीवरची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पावसातली नव्हे, टीव्हीची. शहरात मला डिश म्हणायचे, पण इथे चऱ्होलीत सगळे छत्रीच म्हणतात आणि आता मलाही तेच नाव जवळचं वाटतं. माझ्या कडेला एक मोठा पोचा आहे. तो गारांनी पडलेला नाही. त्याचा पहिला घाव आठ वर्षांच्या एका मुलीने विटेने घातलेला आहे. तिने मला का मारलं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडते आहे.

माझा तर जन्मच माराने झाला. चाकणजवळच्या एका शेडमध्ये मी सपाट पत्रा होते. वरून मशीनचा एक दणका बसला आणि मी वाटीसारखी खोलगट झाले. मग भोकं पाडली, रंग दिला, छातीवर कंपनीचं नाव छापलं. दुखलं का, असं कुणी विचारलं नाही आणि मीही तक्रार केली नाही. मार खाल्ला म्हणून आपल्याला आकार आला, याचा मला उलट अभिमानच वाटायचा. किती मूर्ख होते मी, ते पुढे कळेलच.

माझी पहिली नोकरी पिंपळे गुरवच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत होती. दर महिन्याला रिचार्ज मारायचा आणि मग मी आत शंभर चॅनेल पाठवायची. पाहुणे आले की घरमालक मुद्दाम गॅलरीत आणून मला दाखवायचे. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! पुढे घरात वाय-फाय आलं, मुलं मोबाइलवर बघू लागली आणि रिचार्ज थांबला. तीन वर्षं माझ्या वाटीत कबुतरांनी संसार केले. माझी आठवण फक्त झाडूवाल्या बाईला यायची आणि तीही शिव्या देतानाच.

तिथून मला समाधानने काढलं. समाधान म्हणजे छत्र्या बसवणारा कारागीर. महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून टीव्ही बघण्याला लोक कंटाळले होते आणि फुकटच्या सरकारी डिशकडे वळत होते, त्यामुळे त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तो म्हणायचा, छत्री तीच चालते, फक्त तिचं तोंड दुसऱ्या उपग्रहाकडे फिरवायचं आणि खाली नवा बॉक्स लावायचा. त्याने पॉलिश पेपरने माझ्या छातीवरचं नाव खरवडून काढलं, चंदेरी रंग मारला आणि मोटारसायकलवर आडवी बांधून मला चऱ्होलीला गोजाबाईंकडे नेलं.

गोजाबाई तिथल्या जुन्या घरातल्या. शेतात इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी एका ओळीत चार खोल्या बांधल्या. पहिलीत त्या स्वतः आणि बाकीच्या तीन भाड्याने: दुसरीत वॉचमन असलेले उद्धवराव, तिसरीत डबे करून देणाऱ्या सुमनताई आणि चौथीत शेखर, त्याची बायको विजयश्री आणि त्यांची पिंकी. हे कुटुंब लातूरकडचं. शेखर चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. म्हणजे माझ्यासारखे पत्रे ठोकणं हेच त्याचं काम.

आधी प्रत्येक खोलीची आपापली छत्री स्लॅबवर बसवलेली होती आणि पावसाळ्यात प्रत्येक बोल्टाच्या भोकातून खाली पाणी गळायचं. गोजाबाई त्याला वैतागल्या होत्या.

"चार खोल्यांना चार छत्र्या कशाला? एकच लाव फुकटातली. आन् माझ्या स्लॅबला भोक पाडलंस, तर तुझी गाडी हितंच ठिवून घीन," त्यांनी समाधानला बजावलं.

म्हणून समाधानने मला स्लॅबवर न बसवता चौथ्या खोलीच्या मागच्या भिंतीला, अगदी वरच्या टोकाला, चार बोल्टांनी ठोकलं. माझं डोकं स्लॅबच्या कठड्यावरून वर डोकावत राहिलं. माझ्या दांडीला त्याने सिग्नल पकडणारा चार वायरींचा डोळा लावला आणि चार खोल्यांत चार वायरी सोडल्या. छत्री एक, घरं चार. रिचार्ज नाही, कटकट नाही. पहिल्या दिवशी सुमनताईंनी मला हळदीकुंकू वाहिलं. खरं सांगते, शंभर चॅनेल दाखवूनही पिंपळे गुरवमध्ये मला इतका मान मिळाला नव्हता.

मित्रांनो, मला कान नाहीत. पण ज्या भिंतीत माझे बोल्ट रुतलेत, ती भिंत मला सगळं सांगते. ती चार इंची आहे. आत कुणी खिळा ठोकला तरी माझी दांडी थरथरते. आणि माझी दांडी थरथरली की चारही खोल्यांतलं चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं.

आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. पहिल्याच गुरुवारी दुपारी शेखरने भिंतीला पाठ लावून बसलेल्या पिंकीला सांगितलं, "पिंके, आवाज वाढव." तिने रिमोट दाबला. आवाज तीसच्या वर गेला. टीव्हीवर डब केलेला मारधाडीचा सिनेमा होता. मग भिंतीला पहिला हादरा बसला. मला वाटलं, खिळा ठोकतायत. दुसरा बसला तेव्हा कळलं, की हे काहीतरी मऊ आहे. ते विजयश्रीचं डोकं होतं.

त्यानंतर ते थांबलंच नाही. एकदा डब्यात चटणी कमी होती म्हणून. एकदा गाडीची किल्ली सापडेना म्हणून. एकदा ती सुमनताईंशी हसून बोलली म्हणून. कधी पट्टा, कधी कुकरचं झाकण, कधी नुसते हात. आधी तो पिंकीला आवाज वाढवायला सांगायचा आणि मग मारायचा. तिची किंकाळी सिनेमातल्या किंकाळ्यांत मिसळून जायची. त्या किंकाळ्या मीच वरून खाली पाठवत होते. त्याच्या माराला पांघरूण घालणारी मी होते, हे सांगताना आजही माझा पत्रा तापतो. त्या माणसाला मशीनवर कोण काय बोलायचं, त्याचं काय दुखायचं, हे मला ठाऊक नाही आणि मला ते शोधायचंही नाही.

शेजाऱ्यांना कळलं नाही का, असं तुम्ही विचाराल. ऐका. चौथ्या खोलीतला आवाज वाढला की आपला टीव्ही ऐकू यावा म्हणून सुमनताई आपला आवाज वाढवायच्या. मग उद्धवराव वाढवायचे. मध्येच चित्र फुटलं की तिन्ही खोल्यांतून एकच वाक्य यायचं, वारा असेल. विजयश्रीला कमी ऐकू येतं, अशी ओळीत बोलवा झाली. गोजाबाई तर एकदा तिच्या दारात जाऊन तिला चांगल्याच बोलल्या, की बहिरी हाईस का, किती मोठ्यानं लावतीस. विजयश्रीने पदर कपाळावर ओढून घेतला आणि कमी करते म्हणाली. पदराखाली काय होतं, ते भिंतीला आणि मला माहीत होतं.

चित्र फुटायचं त्याचा राग मात्र माझ्यावर निघायचा. उद्धवराव काठीने माझ्या पाठीत ढोसायचे. सुमनताईंनी हळदीकुंकवाच्याच जागी लाटणं मारलं. समाधानला तीनदा बोलावलं आणि तिन्ही वेळा त्याने बोल्ट पिळून पिळून घट्ट केले. तिसऱ्या वेळी तो डोकं खाजवत म्हणाला, की ही वाऱ्याने हलत नाही, हिला खालून धक्के बसतायत. गोजाबाई म्हणाल्या, तुझं कामच कच्चं हाय. आणि विषय तिथेच संपला.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. एका बुधवारी सकाळी गोजाबाई स्लॅबवर साडी पसरून कुरडया घालत होत्या. तेवढ्यात पिंकी जिना चढून आली, तिने कठड्याजवळची वीट दोन्ही हातांनी उचलली आणि सगळा जीव एकवटून माझ्या कडेवर घातली. माझ्या पत्र्याला पोचा आला. तिने पुन्हा वीट उचलली. गोजाबाई धावत आल्या, तिचा दंड धरला आणि थोबाडीत द्यायला हात उगारला. पिंकीने तोंड चुकवलं नाही. तिला त्याची सवय असावी.

"हिला फोडू दे आजी," ती म्हणाली. "मी आवाज वाढवला की मम्मीला मार बसतो. छत्रीच नसली की आवाज येणार नाही. मग पप्पा मारणार नाहीत."

गोजाबाईंचा हात वरच राहिला. आवाज आधी येतो आणि मार नंतर, तेव्हा मार त्या बटणातूनच निघतो, असं त्या लेकराचं गणित होतं. आपणच आईला मारतो, असं ती धरून चालली होती. गोजाबाईंनी तिच्या हातातली वीट काढून घेतली आणि कठड्यावर माझ्याशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. जेवणं उरकल्यावर गोजाबाई डोक्यावर ओला पंचा टाकून पाण्याच्या टाकीच्या सावलीत येऊन बसल्या. कुरडयांवर घातलेलं पातळ फडकं हलतही नव्हतं. चारच्या सुमाराला खाली आवाज चढला. सुमनताईंनी आपला चढवला, उद्धवरावांनीही चढवला. आणि मी थरथरले.

गोजाबाई उठल्या आणि समाधान धरायचा तशी त्यांनी माझी कड दोन्ही हातांनी धरली. दुसरा हादरा थेट त्यांच्या तळहातांत गेला. त्यांनी हात काढले नाहीत. तिसरा गेला. मग कठड्याला पाय लावून त्यांनी मला जोरात ओढलं, पण समाधानने पिळलेले बोल्ट हलेनात. त्यांनी कालची वीट उचलली आणि माझ्या कडेवर घाव घालायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, सहा. मला आयुष्यात पुष्कळ मार बसला, पण हा एकच असा, की जो मी मागून घेतला असता. सातव्या घावाला माझी मान करकरली आणि तोंड आभाळाकडून रस्त्याकडे फिरलं.

चालू असलेले तिन्ही टीव्ही एकदम गप्प झाले.

त्या शांततेत सगळ्या ओळीने धप्प असा आवाज ऐकला. मग विजयश्रीचा आवाज, नका हो, नका. मग पट्टा. आणि मग शेखरचं बोलणं, अगदी रोजच्यासारखं, पाणी मागावं तसं.

"पिंके, आवाज वाढव."

"वाढत नाही, पप्पा."

सुमनताई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. उद्धवराव बनियनवर आले. दाराला आतून कडी होती. सुमनताई वरवंटा घेऊन आल्या आणि दारावर घाव घालू लागल्या. उद्धवरावांनी खांदा लावला. कडी तुटली. आत विजयश्री भिंतीला टेकून घसरलेली होती आणि माझ्या बोल्टांच्या खाली दोन हातांवर भिंतीला रक्त लागलं होतं. उद्धवरावांनी शेखरला काठीने झोडपायला सुरुवात केली. तो खाली पडला तरी काठी थांबेना. सुमनताईंनी वरवंटा उचलला. मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. तेवढ्यात गोजाबाई जिना उतरून दारात आल्या.

"बास," त्या म्हणाल्या. "पोरगी बघतीया."

पिंकी कोपऱ्यात उभी होती आणि अजून रिमोट दाबतच होती. गोजाबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. उद्धवरावांनी पोलिसांना फोन लावला.

विजयश्रीच्या डोक्याला नऊ टाके पडले. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. लोक तिला बहिरी म्हणायचे, ते आता एका कानापुरतं खरं झालंय. केस चालू आहे. जामिनावर सुटल्यावर शेखर एकदा फाटकापर्यंत आला होता. चारही दारं उघडली. तो परत गेला. विजयश्री आता सुमनताईंबरोबर डबे करते आणि खोलीचा भाडेकरार आता तिच्या नावावर आहे.

गोजाबाईंनी एकदा तिला विचारलं, की मी दारात आले हुते, तवा का बोलली न्हाईस. विजयश्री म्हणाली, "तुम्ही टीव्हीचं विचारलंत, आजी. माझं विचारलं नाहीत." त्या दिवशी गोजाबाई स्लॅबवर आल्या आणि माझ्या पोच्यावरून हात फिरवून गेल्या.

समाधानने माझं तोंड पुन्हा उपग्रहाकडे फिरवलं. पोचा ठोकून सरळ करू का, असं त्याने विचारलं, तर गोजाबाईंनी नको म्हटलं. पिंकी टीव्ही बघते, पण आवाज शून्यावर ठेवून. मग विजयश्री पोळी लाटता लाटता उठते आणि स्वतःच्या हाताने आवाज थोडा वाढवते. पिंकी आधी आईकडे बघते आणि काही होत नाही असं दिसलं की मग सिनेमा बघते.

मित्रांनो, पत्र्याला मारून आकार येतो. माणसाला येत नाही. हे कळायला मला फार उशीर लागला. माझ्या जातीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला गंज लागू दे, कबुतरांना पुन्हा संसार करू दे. माझं मागणं वेगळं आहे. शेजारच्या घरातला आवाज एकाएकी चढला, तर तुम्ही तुमचा चढवू नका, बंद करा. आणि चित्र फुटलं, तर आधी दाराबाहेर येऊन बघा, झाडाचं पान हलतंय का. हलत नसेल, तर वारा असेल असं म्हणून परत बसू नका. जाऊन ते दार वाजवा.