गडग्यावरचं पान

कमलाकर सरांच्या जेवणाची ख्याती पोलादपुरात त्यांच्या गणितापेक्षा मोठी होती. गणित शिकवून ते निवृत्त झाले, जेवण मात्र चालूच राहिलं. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून लोक धडपडायचे, कारण त्या बाजूला आला की वाढप्याचा हात आपोआप सैल सुटायचा. कढीपत्त्याची पानं ते ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवत. शेवग्याची शेंग चघळून झाली की तिची सालं एकावर एक रचत. आणि शेवटी जो ढेकर देत, तो पुढच्या अंगणात ऐकू जाई. त्यांची बायको प्रमोदिनी त्या ढेकरावर चिडायची, पण तो ऐकल्याशिवाय स्वतः जेवायला बसायची नाही.

मग साखरेनं गाठलं. गोळ्यांनी भागेना, तेव्हा महाडच्या डॉक्टर शगुफ्ता यांनी आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. साखर उतरली, तशी भूकही गेली. नुसती गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण तिच्या जागी मळमळ येऊन बसली. फोडणीचा वास आला की सरांच्या तोंडाला पाणी सुटे, ते उलटीचं. चार घास पोटात गेले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं होई. सकाळी खाल्लेलं संध्याकाळपर्यंत तिथंच, आणि ढेकर यायचे ते कुजक्या अंड्यासारखे. बिचारे ते तोंडावर रुमाल धरून गिळत.

"सुरुवातीला काहींना असं होतं, सर," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं थोडं खा, सावकाश खा. तेलकट-तळलेलं नको. पोट भरलं वाटलं की तिथंच थांबा, ताटात राहिलं तरी राहू दे. उलट्या होऊ लागल्या तर लगेच कळवा. आणि घरी सांगा, म्हणजे मॅडम तसा स्वयंपाक करतील."

"सांगतो," सर म्हणाले, आणि सांगितलं नाही.

सांगणार कसं? प्रमोदिनीचे वडील असेच गेले होते. एके दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं, दुसऱ्या दिवशी सारलं, आणि महिना-दीड महिन्यात म्हातारा गेला. तेव्हापासून घरात कुणी "आज जेवायला नको" म्हटलं की बाईंचा चेहरा पांढराफटक पडायचा. मुलगी वल्लरी लग्न होऊन नाशकाला, घरात ही दोघंच. बायकोला घाबरवण्यापेक्षा फसवलेलं बरं, असा सरळ हिशेब सरांनी मांडला. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवणाऱ्या माणसाला स्वतःची चूक काही दिसली नाही.

"मी मागच्या पडवीत बसतो जेवायला, तिथं वारा येतो," असं त्यांनी जाहीर केलं. परसात केळी होत्या, केळींपलीकडे दगडांचा बसका गडगा आणि गडग्याखाली नदी. प्रमोदिनी ताट आणून द्यायची आणि आत भाकऱ्या करायला जायची. ताट तर रिकामं होऊन परत जायला हवं. म्हणून सर केळीचं एक पान कापत, ताटातलं सगळं त्याच्यावर काढून गडग्यावर ठेवत. अन्न फेकवत नव्हतं. आणि सवयीचा हात, तो वेडंवाकडं वाढणार नाही. भात मधोमध, डावीकडे चटणी आणि लिंबू, उजवीकडे भाजी. मग ते चार पावलं मागे सरत. कावळे बिचकलेच तर हळूच म्हणत, "या, जेवा." घटकाभरात पान साफ होई.

ढेकर ऐकू येत नसला, तरी रिकामं ताट बघून प्रमोदिनीला कोण आनंद! ती रोज नवीन घाट घालू लागली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, शेंगांची आमटी, जे जे सरांना आवडतं ते ते. खीर तेवढी साखरेपायी बंद होती. सरांच्या विजारी कमरेवरून घसरायला लागल्या होत्या, पण "इंजेक्शननं वजन उतरतंच" एवढं सांगितलं की तिचं समाधान व्हायचं.

एका दुपारी गोमाजी गडग्यापलीकडून म्हशी घेऊन नदीवर चालला होता. त्याची दोन्ही मुलं सरांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे तो नेहमी थांबून दोन शब्द बोलायचा. त्या दिवशी त्यानं गडग्यावरचं पान पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"गुरुजी, कोनाची वाडी हाय?"

"वाडी कसली रे? उरलंसुरलं ठेवलंय कावळ्यांना."

"उरलंसुरलं असा कोन वाढत नाय," गोमाजी म्हणाला. "मी रोज बघतो ना. पितरपाख तर कवाच सरला." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं आणि म्हशी हाकल्या. दुसऱ्या दिवसापासून तो वरच्या वाटेनं जाऊ लागला.

सर हसले, आणि हसता हसता थांबले. गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधायचं, केळीच्या पानावर रीतसर वाढायचं, घराच्या दक्षिणेला भर दुपारी ठेवायचं आणि "या, जेवा" म्हणून मागे सरायचं, यालाच तर वाडी म्हणतात. आईवडिलांची वाडी त्यांनी स्वतः दरवर्षी दाखवली होती. गडगा घराच्या दक्षिणेलाच होता. कुणाचं नाव तेवढं घेतलं नव्हतं. पण पानावरचं सगळं कमलाकरच्या आवडीचं होतं, कमलाकरच्या ताटातलं होतं, आणि ते कमलाकरनंच वाढलं होतं. सरांच्या अंगावर भर उन्हात काटा आला. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, की तुम्ही शिकलेसवरलेले, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालंच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पान कापलं. दुसरं करणार काय? ताट तर समोर आलं होतं.

त्यानंतर कावळे येईनासे झाले. समोरच्या आंब्यावर ओळीनं बसून राहत, पण खाली उतरत नसत. पान मात्र साफ व्हायचं. सर ताट विसळायला नळाकडे वळत, परत बघत तो वर काही नसे. कुणी भुकेला फिरस्ता येत असेल, असं मनाशी म्हणत ते एकदा जवळ गेले. पानाच्या कडेला कढीपत्ता होता. एकेक पान सुटं करून ओळीनं लावलेलं. त्याच्याजवळ शेवग्याची चघळलेली सालं, एकावर एक रचलेली.

सरांनी ते सगळं गुंडाळून नदीत फेकलं आणि कितीतरी वेळ हात धुतले. घाबरले होते ते, उगाच कशाला लपवायचं? तेवढ्यात मागून, केळींच्या बाजूनं, एक ढेकर आला. भरल्या पोटाचा, लांबलचक, अगदी पुढच्या अंगणात जाईल असा. सरांनी तोंड घट्ट मिटलेलं होतं.

आतून प्रमोदिनी हसत ओरडली, "अहो, हळू! शेजारी काय म्हणतील!"

त्या संध्याकाळी सरांना उलट्या सुरू झाल्या. न्हाणीघरात पाण्याचा नळ मोठा सोडून ते ओकत राहिले, म्हणजे बायकोला ऐकू जायला नको. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पाणी पडत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. "या आठवड्याचं इंजेक्शन घेऊ नका, आणि सोमवारी या," त्या म्हणाल्या. इंजेक्शन चुकलं तशी मळमळ हळूहळू ओसरली. दुपारचं ताट मात्र ते न चुकता गडग्यावर रितं करत होते, कारण आता ते थांबवायचीही त्यांना भीती वाटत होती.

सोमवारी "जरा महाडला जाऊन येतो, जेवायला घरीच आहे," असं सांगून ते एसटीत बसले. डॉक्टरांनी वजन बघून कपाळाला आठ्या घातल्या. डोस खाली आणला, काय खायचं ते पुन्हा समजावलं, आणि विचारलं, "घरी माहीत आहे ना, सर?" सरांनी या वेळी खरं ते सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. "आज सांगा," एवढंच म्हणाल्या.

परतीची गाडी हायवेवर अडकली. सर घरी पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आणि फाटक उघडताना त्यांच्या लक्षात आलं, की पोटात चक्क कावळे ओरडत आहेत. किती दिवसांनी! आतून लसणीच्या फोडणीचा वास येत होता आणि तो हवासा वाटत होता. सरांना तिथंच रडू येईल की काय असं झालं. आज बायकोला सगळं सांगायचं आणि तिच्यासमोर बसून दोन घास खायचे, असं ठरवून ते आत शिरले.

"प्रमोदिनी, वाढ गं. भूक लागलीय."

ती हसायलाच लागली. "पुन्हा? आत्ता तर पानावरून उठलात! साखर वाढेल हं."

"मी उठलो?"

"नाहीतर कोण? मागच्या बाजूनं येऊन बसलात, मला साधी हाकसुद्धा नाही. गडग्याकडे तोंड करून. भात तीनदा घेतलात, नुसता हात पुढे करून. किती दिवसांनी तुम्हाला असं जेवताना बघितलं! म्हटलं, बोलू नये, दृष्ट लागायची." तिचे डोळे भरून आले होते. मोरीपाशी सरांचं ताट विसळून पालथं घातलेलं होतं.

मग तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या औषधांच्या पिशवीकडे गेलं, चपलांवरच्या धुळीकडे गेलं. हसू ओसरलं.

सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मळमळ, उलट्या, केळीचं पान, गोमाजी, ओळीनं लावलेला कढीपत्ता. ती आधी चिडली. "एवढे दिवस मी मर मर रांधलं ते काय असल्या थट्टेसाठी?" म्हणाली. तुमचं काहीतरी बिनसलंय, वल्लरीला फोन करते, असंही म्हणाली. सरांनी वाद घातला नाही. ते स्वयंपाकघरातच भिंतीशी पाट घेऊन बसले.

"आत्ता वाढ. इथं, तुझ्यासमोर. मऊ भात आणि वरण, बाकी काही नको."

तिनं नव्यानं भात टाकला, मऊ शिजवून वाढला. सर एकेक घास चावून खाऊ लागले. अन्नाला चव होती. देवाशपथ, नुसत्या वरणभाताला एवढी चव असते हे ते विसरूनच गेले होते. सहा-सात घासांनंतर पोटानं खूण केली. सरांनी ताटावर हात आडवा धरला.

"पुरे."

सवयीनं प्रमोदिनीचा भाताचा हात पुढे आला होता.

"पुरे गं. भरलं पोट. आता मला एवढंच जातं."

तिचा हात अधांतरी राहिला. ती त्यांच्याकडे बघू लागली. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती, मनगटाचं हाड वर आलं होतं. एवढे दिवस तिनं ताटाकडे बघितलं होतं, माणसाकडे बघायचं राहूनच गेलं होतं. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि ते मनगट धरलं.

"मघाशी जेवून गेले, त्यांनी नाही म्हटलं पुरे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "पातेलं खरवडून संपलं, तरी हात पुढेच होता."

ती रडायला लागली. सरांनी तिला रडू दिलं. तिला सांगितलं असतं तर हे काही झालंच नसतं, हे त्यांना आता अगदी स्वच्छ कळत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"अहो," थोड्या वेळानं ती म्हणाली, "उठताना बोलले ते."

"काय बोलले?"

"तुमच्याच आवाजात. म्हणाले, मागं ऊन फार लागतं. उद्यापासून आतच बसतो जेवायला."

दोघांनी मागच्या दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं. वारा पडला होता, तरी केळीचं एक पान हलत होतं. सर उठले, दार लावून घेतलं, कडी घातली. ती कडी किती कामाची, हे त्यांना माहीत होतं. परत येऊन ते तिच्यासमोर पाटावर बसले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"प्रमोदिनी, उद्या इथं आम्ही दोघं बसलेले दिसलो, तर चेहऱ्याकडे बघू नकोस. आवाजावर जाऊ नकोस. तू आपली भात वाढत जा. जो पुरे म्हणेल, तो मी."