पवनचं गालगुंड

खर्र… खर्र… सहाणेवर वेखंड फिरू लागलं आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं. पिठाच्या हातांनी अनघाने दारातून पाहिलं. सासूबाई आकाशच्या सुजलेल्या गालांसाठी लेप उगाळत होत्या, आणि आकाश, जाऊबाईंचा अठरा वर्षांचा मुलगा, खुर्चीच्या कडेला पाय फाकवून अवघडून बसला होता… गालगुंड झालेल्याला बसताना का दुखावं? तिच्या नवऱ्याला, पवनलाही तेच कळलं असणार. कंपनीत निघालेला तो बूट हातात धरून तसाच थांबला होता.

त्यालाही याच वयात, याच सहाणेवरचा लेप लागला होता. ताप चढला, सूज जांघेत उतरली, आणि लाजेपायी त्याने चकार शब्द काढला नाही — हे तिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तळेगावच्या डॉक्टरीणबाईंसमोर कळलं. "सगळ्यांचं असं होत नाही," त्या म्हणाल्या होत्या, "यांचं झालंय." परतताना गाडीवर त्याच्या पाठीला टेकून तिने ठरवून टाकलं, दोष आपल्यातच आहे असं सांगायचं. सांगितलंही. मग कुणाची ओटी भरायची असली की बायका तिला वगळून पुढे सरकायच्या… आणि ती घरी येऊन त्याला गरम भाकरी वाढायची, तो मान वर न करता जेवायचा. पुढे लेक झाली, अपेक्षा; दवाखान्यातून मिळालेल्या, कुणा अनोळखी माणसाच्या बीजावर. ते फक्त दोघांना ठाऊक.

"आई, लेप ऱ्हाऊ दे," पवन म्हणाला. "आकाश, खाली पण सुजलंय ना रं?"

आकाशने मान खाली घातली.

"काय बोलतुयास पोरासमोर!" सासूबाई म्हणाल्या. "चार दिसांत बरं व्हतंय. तुजं न्हाई झालं?"

"न्हाई झालं." त्याने बूट खाली ठेवला. "तवा मी बोललो न्हाई. त्यानंच मला मूल व्हईना. अनघात कदीच काय न्हवतं, आई. तू लय बोललीस तिला, अन् मी नुसतं ऐकत ऱ्हायलो."

सहाण थांबली.

"काका, गावात नको सांगू," आकाश पुटपुटला.

"बस गाडीवर. डॉक्टरला दाखवू आधी. एका कुशीवर बस, पण बस."

गाडी वळणाआड गेली तरी अनघा दारातच होती. वरवर शांत, पण आतून… कुणाला तरी हाताला धरून सांगावं, बघा, हा माझा माणूस! इतक्या वर्षांचं तिच्या डोक्यावरचं खापर त्याने भर घरात आपल्या डोक्यावर घेतलं, एका पोरासाठी, कंपनीची बस चुकवून. ताठ मानेनेच ती मागे वळली — सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून चहात खारी बुडवणाऱ्या अपेक्षाकडे टक लावून पाहत होत्या. तेव्हा तिला उमगलं, की त्याने अर्धंच सांगितलंय. उरलेलं आता तिच्या वाट्याला आलंय.

"मम्मी," खारी गिळत अपेक्षाने विचारलं, "पप्पांना मूल होत नव्हतं, तर मग मी कुठनं आले?"